शब्दांचे ढीग : मराठी ऱ्हस्व-दीर्घाचा इतिहास आणि नंदुरबारचा वर्ग

‘उंदीर’ आणि ‘मंदिर’ हे दोन शब्द एकापाठोपाठ मोठ्याने म्हणून पाहावेत. पहिल्यातील ‘दी’ आणि दुसऱ्यातील ‘दि’ यांच्या उच्चारांत फरक आहे असे ज्याला वाटते, त्याने तो फरक कानाने नव्हे, वाचनाच्या सवयीने ओळखलेला असतो. मराठी बोलणाऱ्याच्या तोंडून दोन्ही सारखेच लांबतात. तरीही एक दीर्घ लिहायचा, दुसरा ऱ्हस्व, आणि उलटे लिहिले की वहीत लाल रेघ. श्रुतलेखनाच्या तासाला गुरुजी शब्द सावकाश उच्चारतात, मुले कान टवकारतात आणि जे ऐकू येणे शक्यच नाही ते ऐकण्याचा प्रयत्न करतात. आपल्या शाळांतून हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

या प्रथेमागे एक लाडका समज आहे : मराठी जशी बोलली जाते तशीच लिहिली जाते. हा समज अर्धा खरा आहे. व्यंजनांच्या बाबतीत तो बहुतांशी टिकतो (‘चहा’तला आणि ‘चाक’ातला च वेगळा, ही किरकोळ अडचण सोडली तर). परंतु इकार-उकारांच्या बाबतीत तो टिकत नाही. मराठीत इ-ईच्या किंवा उ-ऊच्या निव्वळ लांबीमुळे एका शब्दाचा दुसरा शब्द सहसा होत नाही. लांबी ठरते ती अक्षराच्या जागेवरून. ‘फूल’ म्हणताना ऊ आपोआप लांबतो, ‘फुलाला’ म्हणताना तो आपोआप आखडतो. बोलणाऱ्याला त्यासाठी काही करावे लागत नाही. म्हणूनच त्याला ते कळतही नाही.

जे ऐकून कळत नाही ते पाहून कळू शकते काय, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्याचा विचार आम्ही नंदुरबार जिल्हा डोळ्यांसमोर ठेवून करीत आहोत. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार सुमारे साडेसोळा लाख लोकसंख्या होती, तीत ६९ टक्क्यांहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे होते आणि साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. येथील बहुसंख्य मुलांच्या घरी पाठ्यपुस्तकातली मराठी बोलली जात नाही. शुद्धलेखनाचा प्रश्न पुण्यातल्या वर्गात दोन-चार गुणांचा असतो. सातपुड्यातल्या वर्गात तो आपली जीभच चुकीची आहे की काय, या शंकेपर्यंत जाऊन पोहोचतो.

पाहून शिकण्याची एक पद्धत इंग्रजीच्या अध्यापनात गेल्या काही दशकांत स्थिरावली आहे. शब्द सुट्या चिठ्ठ्यांवर लिहून मुलांपुढे ठेवायचे. मुलांनी त्यांचे ढीग करायचे. एका ढिगातल्या शब्दांत समान काय आहे ते मुलांनीच सांगायचे, आणि नियम झालाच तर शेवटी. इंग्रजीत ‘ए’सारखा स्वर शब्दाच्या मध्ये आला की तो पुष्कळदा ‘ए-आय’ या जोडीने लिहितात आणि शेवटी आला की ‘ए-वाय’ने, ही गोष्ट पाठ करण्याऐवजी मूल ती वीस चिठ्ठ्यांमधून शोधून काढते. तसे पाहता सारख्या शब्दांचे तक्ते नोआ वेब्स्टरने १७८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, अमेरिकेत घरोघरी पोहोचलेल्या उजळणीतही होते. पण ते तक्ते तयार मिळत, पाठ करायचे असत. खरा बदल घडला तो चुकांकडे पाहण्याच्या दृष्टीत. चार्ल्स रीड या अभ्यासकाने १९७१ मध्ये शाळेत न गेलेल्या मुलांची स्वतःच्या मनाने केलेली स्पेलिंगे तपासली, आणि त्या चुकांमागे ध्वनींचे पक्के भान असते हे दाखवून दिले. व्हर्जिनिया विद्यापीठात एडमंड हेंडरसन यांच्या शिष्यपरंपरेने त्यातून वर्गात वापरण्याची रीत तयार केली, आणि ‘वर्ड्‌स देअर वे’ या १९९६च्या पुस्तकाने ती शिक्षकांपर्यंत नेली.

हे सर्व परके वाटायचे कारण नाही. शब्दांचे ढीग करण्याचे शास्त्र आपल्याकडे फार जुने आहे. पाणिनीच्या सूत्रांसोबत येणारा गणपाठ म्हणजे दुसरे काय? व्याकरणात सारखे वागणारे शब्द एका गणात घालायचे आणि त्या गणाला त्यातल्या पहिल्या शब्दाचे नाव द्यायचे : सर्वादि, स्वरादि. फरक एवढाच, की गण पाणिनीने केले आणि शिष्यांनी घोकले. ढीग करण्याची मौज गुरूने स्वतःकडे ठेवली.

आता मराठीच्या ऱ्हस्व-दीर्घाकडे वळू. इतिहासाची पहिली आठवण अशी, की मराठीचा रोजचा व्यवहार शेकडो वर्षे ज्या मोडी लिपीत चालला, त्या लिपीत इकार-उकारांचे ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळले जात नसत. पेशव्यांच्या दफ्तरातील कारकुनाला ‘उंदीर’ आणि ‘मंदिर’ यांचा पेच कधी पडलाच नसेल. त्याचे पत्र वाचणाऱ्यालाही अर्थ लावताना अडचण येत नसे. भेद पाळला जाई तो बाळबोधीत, म्हणजे पोथ्यांच्या, संस्कृताच्या शेजारी वाढलेल्या लिपीत. एकोणिसाव्या शतकात छापखाना आणि सरकारी शाळा आल्या तेव्हा क्रमिक पुस्तकांसाठी बाळबोध निवडली गेली, आणि तिच्याबरोबर ऱ्हस्व-दीर्घाचा सगळा संसार मराठी मुलांच्या पाटीवर येऊन बसला.

१८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला, १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण. कोशाच्या कामात मोल्सवर्थचे सहकारी असलेले थॉमस कँडी पुढे सरकारी मराठी पुस्तकांचे मोठे अधिकारी झाले. विरामचिन्हे मराठीत रुजवण्याचे श्रेयही त्यांच्याकडे जाते. मराठीने वाक्य कोठे थांबवावे हे एका इंग्रजाने ठरवले, याची चेष्टा पुष्कळांनी केली आहे. आम्हाला त्यात चेष्टेपेक्षा नवल वाटते. भाषा शाळेत शिकवायची तर तिचे एकच रूप हवे, ही गरज तोवर कोणाला भासलीच नव्हती. ती भासताच प्रश्न उभा राहिला : कोणाचे रूप? उत्तर पुणेरी शिष्टांच्या बोलीत आणि संस्कृताच्या कोशात शोधले गेले.

पुढच्या शतकभरात नियमांवर वाद झाले, मंडळे बसली, पंथ पडले. तो तपशील रंजक असला तरी येथे आवश्यक नाही. १९६१ मध्ये मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले. १९६२ मध्ये त्याने लेखनविषयक चौदा नियम केले, १९७२ मध्ये आणखी चार जोडले, आणि शासनाने ते स्वीकारले. आज शाळेत जे ‘शुद्ध’ म्हणून शिकवले जाते ते हे अठरा नियम. त्यांतला सर्वांत धाडसी निर्णय अनुस्वारांचा. ‘घरें’, ‘केलें’, ‘नांव’, ‘कांहीं’ यांच्या डोक्यावरचे टिंब उच्चारात उरले नव्हते, म्हणून लेखनातूनही काढले गेले. एका फटक्यात लाखो मुलांच्या चुका बरोबर ठरल्या. १९६१ मध्ये ‘नाव’ लिहिणारा विद्यार्थी अशुद्ध होता, काही वर्षांनी तोच शुद्ध झाला. शुद्धी मुलाच्या हातात नव्हती, ती नियम करणाऱ्यांच्या हातात होती, हे यापेक्षा स्पष्ट कशाने दिसेल?

मात्र ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत महामंडळाने तसे धाडस केले नाही. आणि येथेच शब्दांचे ढीग कामाला येतात, कारण महामंडळाचे हे नियम मुळात ढीगच आहेत. नियमांच्या भाषेत ते दुर्बोध वाटतात : ‘अन्त्य’, ‘उपान्त्य’, ‘तत्सम’, ‘सामान्यरूप’. पाचवीच्या मुलाला हे शब्द म्हणजे दुसरी परीक्षाच. पण चिठ्ठ्या मांडल्या की तेच नियम डोळ्यांसमोर उलगडतात. आम्ही त्या मांडून पाहिल्या, वाचकांनीही मांडाव्यात. शब्द शक्यतो परिसरातले घ्यावेत : मिरची (नंदुरबारची बाजारपेठ तिच्यासाठी प्रसिद्धच आहे), चूल, मूठ, ऊस, कापूस, तूर, तीळ, खीर, विळी, किडा, पाटी, माणूस, उंदीर, लाकूड, पाऊस, पाटील, गरीब, जमीन, बहीण.

पहिली वाटणी शेवटच्या अक्षरावरून करावी. शेवटचे अक्षर ई-ऊने संपत असेल तर ते दीर्घ : पाटी, विळी, मिरची. यात फारसे अपवाद नाहीत. ‘आणि’ व ‘नि’ ही जोडगोळी आणि ‘परंतु’, ‘तथापि’ यांसारखी संस्कृतातून आलेली अव्यये वेगळी काढून ठेवली की ढीग स्वच्छ होतो. दुसरी वाटणी शेवटून दुसऱ्या अक्षरावरून. शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर त्याआधीचा इकार-उकार दीर्घ : चूल, मूठ, तूर, तीळ, गरीब, जमीन. शेवटी दुसरा स्वर आला की तोच आखडतो : चुली, मुठी, तिळाचा, गरिबी, किडा, विळी. ‘मिरची’तला मि तर आणखी मागे, म्हणून तोही ऱ्हस्व. दहा मिनिटांत मुलाला कळते, की एकच चिठ्ठी दोन ढिगांत जाऊ शकते. ‘चूल’ एका ढिगात, ‘चुलीत’ दुसऱ्या. शब्द बदलला नाही, त्याच्या मागे कोण येऊन बसले ते बदलले.

तालुक्यांची नावेसुद्धा या खेळात घेता येतात. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी. ‘नवापूर’मधला पू दीर्घ, पण ‘नवापुरात’ गेले की ऱ्हस्व. ‘अक्कलकुवा’त कु ऱ्हस्व, कारण पुढे वा आहे. ‘नंदुरबार’मधला दु शब्दाच्या पोटात, म्हणून ऱ्हस्व, पाट्यांवर ‘नंदूरबार’ असेही आढळते, आणि मुलांना ती चूक आपणहून सापडली तर त्यांच्या आनंदाला पारावार राहणार नाही. मोठ्यांची चूक शोधण्याइतके परिणामकारक शिक्षण दुसरे नाही.

आता सर्वांत सुंदर ढीग. माणूस, उंदीर, लाकूड, पाऊस, कापूस, पाटील. या शब्दांना प्रत्यय लावून बोलावे : माणसाला, उंदराला, लाकडाला, पावसाला, कापसाला, पाटलाला. मधला स्वर आखडला नाही, तो नाहीसाच झाला! ‘गरिबाला’, ‘वकिलाला’, ‘बहिणीला’ यांत मात्र तो टिकून आहे. का? पहिल्या अक्षराकडे पाहावे. मा, उं, ला, पा, का ही जड अक्षरे; ग, व, ब ही हलकी. पहिले अक्षर जड असेल तर मधला स्वर गळतो. (नागपूर-नवापूर यांसारखी ‘पूर’ने संपणारी गावे या नियमाला जुमानत नाहीत, नागपूरचे ‘नागपरात’ कोणी करीत नाही. त्यांचा ढीग वेगळा.) हा नियम महामंडळाने नोंदवलेला आहे, पण कोणत्याही मराठी आईने तो मुलाला शिकवलेला नाही, आणि प्रत्येक मराठी मूल तो पाळते.

येथे ‘उंदीर’-‘मंदिर’ यांचा पेच सुटू लागतो. ‘उंदराला’ म्हणतो, पण ‘मंदराला’ म्हणत नाही, ‘मंदिराला’ म्हणतो. दोन्हींचे पहिले अक्षर जड, तरी ‘मंदिर’मधला स्वर गळत नाही. म्हणजे तो शब्द मराठीच्या चालीने चालत नाही, पाहुणा आहे. ‘पंडित’, ‘अंकुर’, ‘नागरिक’ हेही त्याच पंगतीतले. ‘खाटीक’ आणि ‘नागरिक’ शेजारी ठेवून पाहावेत : खाटकाला, पण नागरिकाला. संस्कृत शब्दकोशाचे एक पानही न उघडता मुलाला पाहुणा ओळखता येतो, केवळ प्रत्यय लावून. आमच्या मते शुद्धलेखनाच्या अध्यापनात यापेक्षा मोलाचा क्षण नाही, आणि नियमांच्या पुस्तिका पाठ करून घेणाऱ्या वर्गात तो कधी येत नाही.

परंतु सगळे पाहुणे असे ओळखता येत नाहीत. चिठ्ठ्यांच्या शेवटी एक ढीग उरतोच : गुण, विष, सुख, मधुर, शरीर, गीत, पूजा, क्रीडा. ‘ऊन’ आणि ‘गुण’ यांचा उकार तोंडात सारखा. लिहिताना एक दीर्घ, एक ऱ्हस्व. ‘किडा’ ऱ्हस्व, ‘क्रीडा’ दीर्घ. ‘गरीब’चे ‘गरिबाला’ होते, ‘शरीर’चे ‘शरीराला’ राहते. ‘कठीण’ हा तर गमतीचा शब्द आहे. संस्कृतात तो ‘कठिन’. मराठीने नचा ण केला, त्याबरोबर तो मराठी ठरला आणि ठि दीर्घ झाला. एका अक्षराच्या बदलाने शब्द एका ढिगातून उठून दुसऱ्यात गेला. या ढिगातल्या शब्दांना मराठीचे नियम लागू नाहीत, कारण ते ‘तत्सम’, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले. ते कसे ओळखावे, याला नियमाकडे उत्तर नाही. ते माहीत असावे लागते.

ज्याच्या घरी स्तोत्रे म्हटली जात, ज्याच्या शाळेत संस्कृत होते, त्याला ते माहीत असे. ज्याच्या घरी यातले काहीच नव्हते त्याला प्रत्येक तत्सम शब्द सुटा पाठ करावा लागे. या ढिगात व्याकरणापेक्षा समाजाचा इतिहास अधिक साठला आहे. अठरा नियमांपैकी कुळ पाहणारा भाग हाच.

तत्सम शब्दांनाही मराठीचेच नियम लावावेत, ‘गूण’, ‘शरिराला’ असे लिहावे, ही सूचना अधूनमधून पुढे येत असते. तिला होणारा विरोध केवळ सनातनी नाही. हिंदी-गुजराती शेजाऱ्यांशी आणि जुन्या छापील साहित्याशी असलेले नाते तुटेल, हा आक्षेप गंभीर आहे. शेजारी काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. नवापूरचे रेल्वे स्थानक महाराष्ट्र-गुजरात सीमेने मधोमध दुभागलेले आहे. फलाटाच्या एका टोकाला मराठीचे नियम आणि दुसऱ्या टोकाला गुजरातीचे. गुजरातीतही इ-उची लांबी अर्थभेद करीत नाही, आणि तेथेही १९२९ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने गुजरात विद्यापीठाने ‘जोडणीकोश’ काढून लेखन एकसारखे केले. त्यात संस्कृत शब्दांना संस्कृताचेच वळण राहिले. सत्तर वर्षांनी, जानेवारी १९९९ मध्ये, ऊंझा येथे भरलेल्या परिषदेत काही भाषाप्रेमींनी एकच इ आणि एकच उ ठेवावा असा ठराव केला. ‘ऊंझा जोडणी’त काही नियतकालिके निघाली, वाद पेटला, आणि पाठ्यपुस्तके जेथे होती तेथेच राहिली. लेखन ठरवणे जितके सोपे, तितके ते बदलणे अवघड.

तेव्हा तत्समांचा ढीग बराच काळ आपल्यासोबत राहणार. प्रश्न तो कसा हाताळायचा हा आहे. आमचे मत असे, की तो ढीग प्राथमिक शाळेत लपवू नये आणि त्याचे गुणही कापू नयेत. मुलांना सरळ सांगावे : हे शब्द आपल्या नियमांत बसत नाहीत, ते दुसऱ्या भाषेचा वेश घालून आले आहेत, एकेक ओळखीचा होईल तसा लक्षात ठेवू. भिंतीवर त्यांची यादी लावावी, वाचताना नवा भेटला की मुलांनीच भर घालावी. ‘इक’ने संपणारे सैनिक, धार्मिक, सामाजिक असे शब्द आपोआप एकत्र येतील, आणि हा ढीगही अगदीच बेशिस्त नाही हे दिसेल. जे नियमाने कळते त्यात चुकणे आणि जे माहीत असण्यावाचून कळत नाही त्यात चुकणे, या दोन चुका एकाच लाल शाईने दाखवणे हा आम्हाला अन्याय वाटतो.

एवढ्यावर लेख संपवता आला असता, पण नंदुरबारमध्ये एक मोठी अडचण आहे आणि ती आमच्या आवडत्या ढिगाचीच आहे. ‘उंदराला’, ‘माणसाला’ ही रूपे ज्याच्या कानात आहेत त्यालाच तो ढीग करता येतो. धडगावकडचे पावरी बोलणारे मूल, नवापूरकडचे मावची किंवा कोकणी बोलणारे, अक्कलकुव्याकडचे देहवाली किंवा नोयरी बोलणारे, आणि सपाटीवरचे अहिराणी किंवा गुजर बोलीतले, यांच्या कानात ती रूपे नसतात. अहिराणीत ‘मला’, ‘तुला’ नाही, ‘मले’, ‘तुले’ आहे. प्रत्ययच वेगळा, तर त्यापूर्वीचे रूप मराठीसारखे कसे असेल?

या बोलींची पहिली विस्तृत नोंद ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात झाली. १९०७ साली निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिली बोली आणि खानदेशी एकत्र आहेत. तो भाग नॉर्वेचे स्टेन कोनो यांनी तयार केला. त्यांनी नोंदवलेली दोन वैशिष्ट्ये शिक्षकाने वर्गात जाण्यापूर्वी माहीत करून घ्यावीत अशी आहेत. अनेक भिली बोलींत मराठी-गुजरातीतल्या चच्या जागी स येतो, आणि सच्या जागी ह. ‘सात’ या अंकाचा उच्चार ‘हात’सारखा होतो. असे मूल ‘सात’ऐवजी ‘हात’ लिहिते तेव्हा त्याचे कान बिघडलेले नसतात. त्याने आपल्या भाषेतला सात अचूक लिहिलेला असतो. चार्ल्स रीडला अमेरिकेतल्या बालकांच्या चुकांत जे दिसले, त्याची सामग्री येथे शंभराहून अधिक वर्षे छापील स्वरूपात उपलब्ध आहे.

अहिराणीची गोष्ट अधिक परिचित आहे. मराठीतल्या ळच्या जागी तेथे य येतो : काळा-काया, डोळा-डोया, शाळा-शाया. खानदेशातल्या मुलाच्या वहीत ‘शाया’ दिसली की हसण्याची रीत आहे. त्याऐवजी ढीग करावेत. एका बाजूला घरचा शब्द, दुसऱ्या बाजूला पुस्तकातला. ‘काया’पुढे ‘काळा’, ‘डोया’पुढे ‘डोळा’. मग ‘गाय’ आणि ‘माय’ यांच्या चिठ्ठ्या द्याव्यात. या दोन्हीकडे यच आहेत. म्हणजे घरचा प्रत्येक य पुस्तकात ळ होत नाही. कोणता होतो आणि कोणता नाही, हे मूल शोधू लागते. येथे अहिराणी ‘अशुद्ध’ म्हणून खोडली जात नाही, तुलनेचा अर्धा भाग म्हणून मांडली जाते. आपल्या बोलीलाही नियम आहेत, ही गोष्ट कित्येक शिक्षकांनाही तेव्हाच प्रथम कळेल.

याला पूर्वपीठिका नाही असे नव्हे. नर्मदाकाठच्या गावांत नर्मदा बचाओ आंदोलनाने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून ज्या जीवनशाळा चालवल्या, त्यांत मुलांच्या बोलीला वर्गात जागा मिळाली. शहाद्याच्या वाहरू सोनवणे यांनी भिलीत कविता लिहिली, आणि देवनागरी ही आपल्याही बोलीची लिपी आहे हे दाखवले. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी परिसरातल्या वस्तूंनी बालवाडी उभी केली, ती वारली मुलांमध्ये. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी आधी तेथील मराठी बोलीचा सामाजिक अभ्यास केला, त्यावर १९७३ मध्ये पीएच.डी. मिळवली, आणि मग मुलांना वाचायला शिकवण्याच्या कामात उतरल्या. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आपल्याकडे बहुधा उलट होते : शिकवायला आधी सुरुवात होते आणि मुले काय बोलतात ते निवृत्तीपर्यंत कळत नाही.

म्हणून सातपुड्यातल्या वर्गात चिठ्ठ्यांचा क्रम निराळा हवा. आधी गोष्टी, भरपूर. मराठीतल्या आणि घरच्या भाषेतल्या. ‘उंदराला’ हे रूप दहा गोष्टींतून कानावरून गेल्यावरच ते चिठ्ठीवर यावे. त्यानंतर घर आणि पुस्तक यांच्या जोड्या : सात-हात, काया-काळा. त्यानंतर डोळ्यांनी होणारे ढीग, ज्यांत कानाची गरज नाही : चूल-चुली, मूठ-मुठी. यात पुणेरी मुलाला पावरी मुलापेक्षा काडीचाही जास्त फायदा नाही, कारण लांबी दोघांनाही ऐकू येत नाही. अक्षराची जागा मात्र दोघांनाही सारखीच दिसते. माणूस-माणसाला मग. तत्सम सर्वांत शेवटी, भिंतीवरच्या यादीत.

खर्च विचाराल तर जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्याचे तुकडे आणि एक खडू. वेळ मात्र लागतो. श्रुतलेखनाचे दहा शब्द पाच मिनिटांत घालून तपासता येतात. दहा चिठ्ठ्यांचे ढीग करून ‘असे का केले’ हे चाळीस मुलांना विचारायला दोन तास पुरत नाहीत. एकाच शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असलेल्या पाड्यावरच्या शाळेत ते आणखी अवघड. तेथे मोठ्या मुलांनी धाकट्यांचे ढीग तपासावेत, असा एक उपाय आम्हाला सुचतो. ‘तू ही चिठ्ठी इथे का ठेवलीस?’ हा प्रश्न चौथीतली मुलगी दुसरीतल्या भावाला पावरीत विचारू शकते. गुरुजींना बहुधा तो मराठीतच विचारावा लागेल.